संग्रहातील वाद्य आणि हातातील वाद्य : मिकी हार्ट यांच्या तालशोधाची एक तपासणी

मिकी हार्ट हे नाव आपल्याकडील संगीतरसिकाच्या कानावर येते ते बहुतेक वेळा उस्ताद झाकीर हुसेन यांच्या अनुषंगाने. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिकेत झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम्, नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी व सिकिरू आडेपोजू, ब्राझीलचे आयर्तो मोरेरा, प्वेर्तो रिकोचे जिओव्हानी हिदाल्गो अशी वादकमंडळी हार्ट यांनी एकत्र आणली होती. ग्रॅमी पुरस्कारांत जागतिक संगीताच्या ध्वनिमुद्रिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला मान याच ध्वनिमुद्रिकेला मिळाला (१९९२). त्याच सुमारास आलेले हार्ट यांचे दोन ग्रंथ मात्र आपल्याकडे फारसे चर्चिले गेले नाहीत. 'ड्रमिंग ॲट द एज ऑफ मॅजिक' (१९९०) हा जे स्टीव्हन्स यांच्या साहाय्याने लिहिलेला आत्मपर ग्रंथ, आणि 'प्लॅनेट ड्रम' (१९९१) हा संगीतमानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक लीबरमन यांच्यासह सिद्ध केलेला सचित्र ग्रंथ.

प्रस्तुत लेखात या दोन ग्रंथांचा, आणि ओघाने ध्वनिमुद्रिकेचा, विचार करावयाचा आहे. जगभरातील चर्मवाद्ये जमवावीत, ती हाताळावीत, जमल्यास वाजवावयास शिकावे, ही हौस आता एका अमेरिकन वादकाची राहिलेली नाही. जेंबे हे पश्चिम आफ्रिकेतील वाद्य आपल्याकडील वाद्यांच्या दुकानांत तबल्याशेजारी मांडलेले असते. शहरांतून 'ड्रम सर्कल' भरतात. युवक महोत्सवाच्या तयारीत ढोलकी, दिमडी, दरबुका आणि जेंबे एकाच मुलाच्या पिशवीतून निघतात. या हौसेला जी वैचारिक बैठक मिळाली आहे ती पुष्कळ अंशी हार्ट यांच्या लेखनाने घडवली. तिची बलस्थाने आणि तिच्यातील मौने तपासणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

वाद्याचा शोध की वडिलांचा?

हार्ट यांचा जन्म १९४३ सालचा, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. आई आणि वडील दोघेही ड्रमवादक. घर लवकर मोडले. १९६७ साली हार्ट 'ग्रेटफुल डेड' या बँडमध्ये आले. पुढे वडीलच या बँडचे व्यवस्थापक झाले, त्यांनी बँडच्या पैशांचा अपहार केला आणि हार्ट १९७१ मध्ये काही वर्षांसाठी बँडमधून बाहेर पडले. पहिल्या ग्रंथात ही कहाणी आडपडदा न ठेवता येते. ग्रंथाचा अत्यंत वाचनीय भाग तोच आहे. ज्या माणसाकडून वाद्य हाती आले त्याच माणसाने दगा द्यावा, आणि मुलाने मग वाद्याचा उगम शोधत पाषाणयुगापर्यंत जावे, यात एक आंतरिक तर्क आहे. तो ग्रंथात कोठेही सूत्ररूपाने मांडलेला नाही. वाचकाला तो आपोआप जाणवतो.

याच काळात त्यांची गाठ उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी पडली. काठ्यांनी वाजवणाऱ्या, लष्करी कवायतीच्या पद्धतीत मुरलेल्या वादकाला बोटांनी बोलणारा तबला प्रथमच भेटला. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे उस्ताद अली अकबर खाँ यांच्या विद्यालयात झाकीर हुसेन शिकवीत होते. तेथील तालवाद्यवृंदातून 'दिगा ऱ्हिदम बँड' उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे हार्ट यांच्या बाबतीत शिकणे आधी आणि जमवणे नंतर, असा क्रम होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांच्या अनुयायांत हा क्रम बहुधा उलटा दिसतो.

आयुष्यभर वाद्य वाजवूनही त्याच्या उगमाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, या जाणिवेतून हार्ट यांचे संशोधन सुरू झाले. त्याची पद्धत विलक्षण होती. वाचनात जे सापडेल ते टिपणकार्डावर उतरवायचे आणि ती कार्डे कालानुक्रमे आपल्या कोठारवजा घराच्या भिंतीवर लावायची. कार्डे वाढत गेली, भिंतीवरून वेटोळे घेत सरकू लागली आणि त्या पट्ट्याला 'ॲनाकोंडा' असे नाव पडले. संशोधन करणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला हे चित्र हसवील आणि थोडे अस्वस्थही करील. आपल्यापैकी अनेकांच्या प्रबंधांची अवस्था याहून वेगळी नसते. कार्डांचा हा अजगर सगळेच गिळतो. सैबेरियातील शामानाची डफ, योरुबा लोकांचा बोलका ढोल, तुर्की लष्करी नगारे, भूमध्य समुद्राकाठच्या देवतेच्या हातातील चाळणीसारखे वाद्य, हे सर्व एकाच पोटात जाते. कार्डाला कार्ड लागून असते म्हणून त्या दोन गोष्टींत नाते असते असे नाही. ग्रंथाचा दुबळेपणा येथे सुरू होतो. जोसेफ कॅम्बेल यांच्या मिथकविचाराचा प्रभाव हार्ट यांच्यावर गडद आहे, आणि त्या विचारातील मोह असा की सर्व कथा शेवटी एकच कथा ठरते. तसे येथे सर्व ढोल शेवटी एकच ढोल ठरतात.

एका प्रसंगी मात्र ग्रंथ या मोहातून सुटतो. हार्ट यांच्याकडे एक तिबेटी डमरू आला. मानवी कवट्यांच्या दोन वाट्या पाठीला पाठ लावून, त्यांवर कातडे ताणून केलेला. तो वाजवल्यापासून त्यांना अस्वस्थता जाणवू लागली, अपघातांची मालिका सुरू झाली असे ते सांगतात, आणि अखेर त्यांनी तो एका तिबेटी लामांच्या स्वाधीन केला. या प्रसंगातील गूढाशी आपल्याला कर्तव्य नाही. महत्त्वाचे इतकेच की संग्राहकाने संग्रहातील वस्तू परत केली. आपल्याला हे वाद्य वाजवण्याचा अधिकार नाही, असे त्याला एकदा तरी वाटले. वाद्य ही कोणाची तरी असते, ही जाणीव दोन्ही ग्रंथांत इतक्या स्पष्टपणे पुन्हा आढळत नाही.

संग्रहाची परंपरा

वाद्ये जमवून त्यांची मांडणी करण्याच्या आधुनिक परंपरेत भारताचा वाटा मोठा आहे. कलकत्त्याचे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाकडे गेली आणि १८७७ साली तेथे वाद्यसंग्रहालय उभे राहिले. त्याचे व्यवस्थापक व्हिक्टर-शार्ल माहियाँ यांना युरोपीय वाद्यवृंदाच्या जुन्या वर्गवारीत ही वाद्ये बसवता येईनात. त्यांनी तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या भरतप्रणीत चतुर्विध विभागणीचा आधार घेतला. पुढे हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी १९१४ मध्ये हीच चौकट विस्तारली. जगभरच्या संग्रहालयांत आजही तीच वापरतात. कातडे ताणून केलेले ते अवनद्ध, ही आपल्या शास्त्राची व्याख्या अशी सर्वत्र पोहोचली.

परंतु नाट्यशास्त्रातील पुष्कराध्यायाकडे पाहिले तर वेगळीच दिशा दिसते. स्वाती मुनी अनध्यायाच्या दिवशी पाणी आणावयास तळ्यावर जातात. पाऊस येतो. लहान, मध्यम, मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद ते ऐकतात, ते मनात धरून आश्रमात परततात आणि विश्वकर्म्याच्या साहाय्याने वाद्ये घडवतात. येथे नाद आधी येतो आणि वाद्य मागून. ब्रुसेल्सला गेलेल्या वर्गीकरणात ही कथा गेली नाही, जाणे शक्यही नव्हते, कारण कपाटात खोड आणि कातडे ठेवता येते, ऐकणे ठेवता येत नाही.

'प्लॅनेट ड्रम' हा सचित्र ग्रंथ ब्रुसेल्सच्या कपाटांचा वारसदार आहे. छायाचित्रे उत्तम, निवड चोखंदळ. पाने उलटताना डोळ्यांना मेजवानी मिळते. पण त्या चित्रांतील बहुसंख्य वाद्यांविषयी, ती कोणत्या मात्रेवर उचलतात, कोणते वाद्य त्यांच्या सोबत असल्याशिवाय ती वाजवीत नाहीत, याविषयी ग्रंथ थोडेच सांगतो. आपल्याकडे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन पाहताना हाच अनुभव येतो. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी एकहाती जमवलेला तो संचय आहे. तेथील वाद्ये पाहून माणूस थक्क होतो. मात्र दालनात शांतता असते. केळकरांच्या बाजूने एक गोष्ट अवश्य नोंदवावी. त्यांनी आपल्या संग्रहाला जगाचे नाव दिले नाही, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे दिले.

बोल

चर्मवाद्य शिकणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे उत्तर अनेक परंपरांत आश्चर्यकारकरीत्या सारखे आहे. आधी तोंडाने म्हणावे लागते. तबल्याचा विद्यार्थी धा, धिं, ना, तिं हे बोल महिनोन्महिने म्हणतो; दक्षिणेत सोलकट्टूची स्वतंत्र कलाच झाली. अरब आणि तुर्की परंपरेतील दरबुका व डफवर्गीय वाद्ये 'दुम' आणि 'तेक' यांवर उभी आहेत. ओलातुंजी यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी गुन, दुन, गो, दो, पा, ता अशी अक्षरपद्धती वापरली; मोठ्या नादाला 'ग'कार-'द'कार, काठावरच्या थापेला 'प'कार-'त'कार. मराठी वाचकाला हे पाहून घरच्यासारखे वाटेल. 'दुम' आणि 'धुम' यांत अंतर थोडे आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो खर्ज काढतात, त्यासाठी ओठ आणि टाळू यांची जी जुळणी लागते तीच कैरोच्या वादकालाही लागते.

तथापि हे साम्य उच्चाराचे आहे, अर्थाचे नाही. 'धा' या अक्षरामागे सम, खाली, ठेका, कायदा अशी एक संस्था उभी असते. 'दुम' मागे मकामांच्या गायनाला आधार देणारी ईका-चक्रे असतात. योरुबा भाषेत स्वराच्या उंचसखलपणाने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तेथील बोलका ढोल भाषेचीच नक्कल करून म्हणी आणि नावे वाजवतो. तो ढोल विकत घेणाऱ्याला भाषा विकत मिळत नाही.

या संदर्भात जॉन मिलर चेर्नॉफ यांचा 'आफ्रिकन ऱ्हिदम अँड आफ्रिकन सेन्सिबिलिटी' (१९७९) हा ग्रंथ हार्ट यांच्या ग्रंथांशेजारी ठेवून वाचावा असे मी सुचवीन. चेर्नॉफ घानामध्ये इव्हे आणि दागोंबा वादकांकडे ढोल शिकले. त्यांच्या ग्रंथात वाद्यांची चित्रे कमी आणि गुरूचे बोलणे अधिक आहे. तामाले येथील वृद्ध वादक इब्राहिम अब्दुलाई यांचे म्हणणे पानेच्या पाने येते. शिष्याची फजिती वारंवार होते. त्याला कळत जाते की आपण वाजवतो ते बिनचूक असूनही निरर्थक आहे, कारण शेजारच्या ढोलासाठी आपण जागा सोडलेली नाही, आणि नाचणाऱ्याच्या पायाकडे आपले लक्षच नाही. उत्तम वादक कमी वाजवतो, राहिलेली मात्रा नाचणारा भरतो. हार्ट यांच्या लेखनात ढोल वादकाला भारून टाकतो. चेर्नॉफ यांच्या लेखनात ढोल वादकाला शेजारधर्म शिकवतो. मला दुसरे वर्णन अधिक विश्वसनीय वाटते.

जेंबेच्या बाबतीत हा मुद्दा प्रकर्षाने जाणवतो. गिनी आणि मालीच्या मांदे प्रदेशातले हे वाद्य. खोड कठीण लाकडाचे, लोहारकाम करणाऱ्या नुमू समाजाने कोरलेले. तोंडावर बकरीचे कातडे, दोऱ्यांनी ताणलेले. घुमारा, उघडी थाप आणि काठावरची चटकदार थाप असे तीन मुख्य आघात. गिनीच्या 'ले बाले आफ्रिकें' या नृत्यसंचाने ते जगभर नेले आणि त्या पिढीतील मामादी केइटा (१९५०–२०२१) यांच्यासारख्या वादकांनी युरोप-अमेरिकेत त्याच्या शाळा काढल्या. गावात मात्र जेंबे एकटा नसतो. केनकेनी, सांगबान आणि दुनुनबा हे तीन काठीचे ढोल ज्या चालीवर वाजतात ती चाल म्हणजे ते 'गीत'. जेंबे तिच्यावर बोलतो. आपल्या शहरांत विकला जातो तो जेंबे बहुधा या तिघांशिवाय येतो. तमाशातून हलगी, तुणतुणे, झांज आणि नाचणारीचे चाळ काढून घेऊन नुसती ढोलकी परदेशी पाठवावी आणि तिला 'महाराष्ट्राचा ताल' म्हणावे, तसे हे झाले.

येथे कोफी अगावू यांचा आक्षेपही लक्षात घ्यावयास हवा. घानामध्ये जन्मलेल्या या संगीतशास्त्रज्ञाने १९९५ मधील आपल्या निबंधात आणि पुढे 'रिप्रेझेंटिंग आफ्रिकन म्युझिक' (२००३) या ग्रंथात दाखवले की 'आफ्रिकन लय' ही कल्पनाच पुष्कळ अंशी बाहेरच्या अभ्यासकांनी रचली आहे. आफ्रिका म्हणजे ढोल, ढोल म्हणजे गुंतागुंतीची लय, हे समीकरण गाणे, भाषा, स्वरमेळ यांना बाजूस सारते. हा आक्षेप चेर्नॉफ यांनाही काही प्रमाणात लागू पडतो. हार्ट यांना तर तो जवळजवळ पूर्णपणे लागू पडतो. त्यांच्या ग्रंथांत आफ्रिका वाजते, क्वचितच बोलते.

'ड्रम सर्कल'विषयी थोडक्यात. हार्ट यांनी १९९१ साली अमेरिकन सिनेटच्या वृद्धत्वविषयक समितीपुढे साक्ष देऊन वृद्धांसाठी समूहवादनाची उपयुक्तता मांडली. एकाकी वृद्धांनी वर्तुळात बसून ढोलावर हात टाकावा यात वावगे काही नाही, उलट आनंदच आहे. त्याला शिकणे म्हणू नये, एवढेच.

कातडे कोणी कमावले?

मला हार्ट यांच्या लेखनातील सर्वांत मोठे मौन जाणवते ते यापुढचे. त्यांच्या ग्रंथांत ढोल पवित्र असतो, गूढ असतो, युद्धात भीषण असतो. तो कलंक असू शकतो, ही शक्यता तेथे विचारात घेतलेली नाही. भारतातील वाचकाला हे मौन टोचल्यावाचून राहत नाही. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे, ते कमावणे, त्याचे वाद्य करणे आणि गावच्या जत्रेत, लग्नात, प्रेतयात्रेत ते वाजवणे ही कामे जातीने वाटून दिलेली होती. हलगी काठ्यांनी वाजते, हाताने नव्हे; तरी या विवेचनात तिला आणल्याशिवाय गत्यंतर नाही. गावकीची अप्रतिष्ठेची कामे सोडावीत, मृत जनावरे ओढू नयेत, असा आग्रह आंबेडकरी चळवळीने १९२७ च्या महाड परिषदेपासून धरला. अनेकांनी त्याबरोबर वाद्यही खाली ठेवले. त्यांच्यासाठी वाद्य खाली ठेवणे ही सुटका होती. तमिळनाडूत 'परै' या ढोलाची कथा अशीच आहे. तेथे काहींनी तो टाकला आणि नंतरच्या पिढीतील काहींनी तोच निषेधाचे वाद्य म्हणून पुन्हा गळ्यात अडकवला.

आता कल्पना करावी की नेमके हेच वाद्य एखादा संग्राहक प्रेमाने उचलतो, भिंतीवर टांगतो, वाजवायला शिकतो. त्याच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वाद्य टाकून देणाऱ्याची बाजू संग्रहात येत नाही. संग्रहात फक्त टाकलेली वस्तू येते. 'जगातील ढोल' या शीर्षकाखाली ती एकदा गेली की टाकण्यामागचे कारण पुसले जाते. हार्ट यांच्यावर जातिव्यवस्था न समजल्याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र ज्यांच्याकडून त्यांनी तबला समजून घेतला त्यांच्या वाद्याची पुडी कोणी बांधली, हा साधा प्रश्नही ग्रंथाला पडू नये, हे खटकते. आपल्याकडील संगीतविषयक लेखनाला तरी तो कोठे पडतो? घराण्यांच्या वंशावळी आपल्याला पाठ असतात. पुडी मढवणाऱ्यांच्या वंशावळी कोणी लिहीत नाही.

हे मौन मोडणारा ग्रंथ दक्षिणेत लिहिला गेला. टी. एम. कृष्णा यांचा 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) हा मृदंगम् घडवणाऱ्या कारागिरांचा इतिहास आहे. कृष्णा स्वतः कर्नाटक संगीताचे गायक, त्यामुळे ग्रंथाला आतल्या माणसाची धार आहे. तंजावरच्या दलित ख्रिस्ती कुटुंबातील कारागीर आणि पालघाट मणि अय्यर यांच्यासारखे श्रेष्ठ ब्राह्मण वादक यांच्यातील देवाणघेवाण ते बारकाईने मांडतात. फणसाचे खोड, गाय, बकरी आणि म्हैस यांची कातडी, त्यांतील प्रत्येकाची जागा ठरलेली. पारलांदू या कारागिराने मणि अय्यर यांच्या नादकल्पनेला प्रत्यक्ष आकार दिला; नाद वादकाच्या नावावर नोंदला गेला. गोमांस वर्ज्य मानणाऱ्यांच्या मांडीवर गाईच्या कातड्याचे वाद्य असते, हा विरोधाभास ग्रंथ टाळत नाही. त्याच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने सभागृह आधी दिले आणि नंतर नाकारले. समारंभ दुसरीकडे झाला. गोष्ट किती वर्मी लागली हे त्यावरून समजते.

कारागिराच्या ज्ञानाचे मोल शास्त्राने मात्र पूर्वीच ओळखले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये आणि १९३४ मध्ये स्वतंत्र निबंधात दाखवले की साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी नसतात. तबला-मृदंगाच्या शाईमुळे आणि कडेच्या दुहेरी कातड्यामुळे ते पूर्णांकांच्या पटीत येतात. म्हणजे जे गणित रामन यांनी मांडले ते पुडी घोटणाऱ्याच्या अंगठ्याला कित्येक पिढ्या आधीच अवगत होते. या निबंधांतही अंगठ्याला नाव नाही.

गोव्याचे घुमट या चर्चेत एक निराळी अडचण उभी करते. मातीचे मडके, एका तोंडावर कातडे, दुसरे तोंड उघडे. एका हाताने थाप मारायची आणि दुसऱ्या हाताने उघडे तोंड झाकत-उघडत नाद वळवायचा. परंपरेने कातडे घोरपडीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपड मारणे गुन्हा ठरले आणि वादकांना बकरीच्या कातड्याकडे वळावे लागले. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला वारसा-वाद्याचा दर्जा दिला. म्हणजे वारसा मानलेल्या वाद्याचा जुना नाद बेकायदेशीर आहे. आरतीच्या आणि सुवारीच्या वादनात बसलेली मंडळी याविषयी फार हळवी नाहीत. शामेळ आणि कांसाळे यांच्या संगतीत नवे कातडेही बोलते, हे त्यांनी वाजवून दाखवले आहे. संग्राहकाला मात्र 'अस्सल' घुमट हवे असते.

स्त्रियांच्या हातांविषयी लेन रेडमंड यांनी 'व्हेन द ड्रमर्स वेअर विमेन' (१९९७) या ग्रंथात प्राचीन भूमध्य प्रदेशातील डफवादक स्त्रियांचे पुरावे शिल्पांतून आणि चित्रांतून एकत्र केले. पुरावे मोलाचे आहेत. प्रत्येक डफ देवीकडे नेण्याचा त्यांचा उत्साह मला पटत नाही. आपल्या जवळचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी पुरुषांच्या मानल्या गेलेल्या तबल्यात स्थान मिळवले आणि पखवाज व तबल्याच्या घराण्यांवर हिंदीत ग्रंथही लिहिला. वादन आणि लेखन या दोन्हींत उमेदीचा काळ घालवलेल्या या विदुषीचे नाव हार्टप्रणीत 'जागतिक' यादीत शोधून सापडणार नाही.

ध्वनिमुद्रिकेकडे पुन्हा

इतके आक्षेप घेतल्यावर 'प्लॅनेट ड्रम' ही ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकली, तर ती ग्रंथांपेक्षा शहाणी वाटते, हे कबूल केले पाहिजे. ग्रंथात वाद्ये शेजारी-शेजारी उभी असतात. येथे माणसे शेजारी-शेजारी बसली आहेत. विनायकरामांच्या घटाला कातडेच नाही, भाजलेली माती आणि पोटावर टेकवलेले तोंड, तरी हिदाल्गो यांच्या काँगांशी त्याचे जमते, कारण दोघेही एकमेकांना जागा देतात. झाकीर हुसेन येथे तबल्याचे प्रदर्शन करीत नाहीत. कायदा-रेल्यांची आतषबाजी बहुतांशी त्यांनी मागे ठेवली आहे. अनेकदा ते केवळ बायाचा एक घुमारा टाकून गप्प बसतात. अब्दुलाई यांनी चेर्नॉफ यांना जे सांगितले तेच मुंबईत वाढलेल्या या वादकाने वेगळ्या वाटेने आत्मसात केले होते. हार्ट स्वतः या मंडळींत सर्वांत कमी 'बोलणारे' आहेत, आणि ही त्यांची रसिकता आहे. याच वाटेवरचा 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट' (२००७) अधिक गुळगुळीत झाला. त्यात यंत्रांनी केलेली प्रक्रिया नादाच्या कडा घासून टाकते.

झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे गेले. ओलातुंजी त्याआधीच, २००३ मध्ये. ज्यांच्या हातांमुळे त्या संग्रहाला अर्थ होता त्यांतील दोन जोड्या अशा थांबल्या. संग्रहातील ढोल मात्र जागच्या जागी असतील.

जाता जाता आपल्या घरची एक गोष्ट. महाविद्यालयात सांस्कृतिक विभागासाठी तबला, ढोलकी, डफ किंवा अलीकडे जेंबे घेतला की त्याची नोंद 'डेड स्टॉक' नोंदवहीत होते. रकाने ठरलेले असतात : अनुक्रमांक, वस्तूचे नाव, नग, खरेदी दिनांक, पुरवठादार, किंमत, शेरा. कातडे कोणत्या जनावराचे, मढवले कोणी, पुडी शेवटची केव्हा बदलली, सध्या कोणता विद्यार्थी ते वाजवतो, यांसाठी रकाना नाही. लेखापरीक्षणाच्या वेळी वाद्य कपाटात असले म्हणजे पुरते. ते सुरात आहे की नाही हे कोणी विचारत नाही. पावसाळ्यात ढिली पडलेली पुडी आणि उंदरांनी कुरतडलेली वादी घेऊन ते 'निर्लेखित' होईपर्यंत तेथेच राहते, आणि मढवणाऱ्याकडे पाठवण्याच्या खर्चाची मागणी कोणत्या शीर्षाखाली टाकावी यावर कार्यालयात चर्चा चालू असते.